गुलाबी

नवरात्र उरकली की मांडवीतून
घागऱ्यांच्या उरल्यासुरल्या झालरी
तात्या इंदुलकर किलोवर आणतात,
शिशाच्या डोक्यांना बांधतात.

दांडिया बाजारातली गच्ची. खाट म्हणजे बोट.
मागे सोडलेल्या दोऱ्या.
जवळच्या फेसात काळं-जांभळं, जाडजूड.
"पहाटे खालून गडदच दिसतं, बरं का."
मग हिरवं. मग ते उगाच चकाकणारं,
जे त्यांना स्वतःला आवडत नाही.
सगळ्यात लांब, टाकीपाशी,
बोटाएवढं गुलाबी. एकटं.
ते टोक मी धरायचं.
"कुपा मागे राहिलेल्यालाच हेरतो."

तात्यांनी समुद्र एकदाच पाहिलाय,
तोही ओहोटीचा.

काल वेरावळहून फोन आला,
गुलाबीवरच लागला, तेवीस किलो.
तात्या काही बोलले नाहीत.
उठले,
आणि खाट दोन फरश्या पुढे ओढली.