किलोमागे अर्धा ग्रॅम

इतवारीत सराफांचे काटे दुरुस्त करतो मी,
एकतीस वर्षं झाली.
म्हणून शेषराव निपाने मलाच विचारतो,
मे महिन्यात, गच्चीवर, कुलरचं पाणी भरता भरता:
"पृथ्वी गोल आहे, हे तू सांगतं कायच्यावरून बे?"

जेवलेलं ताट विसळून पालथं घालतो तो.
"हे पाय. मधोमध ध्रुव, कडेनं बर्फ.
आन् हे ताट वर चाललं सारखं, लिफ्टवानी.
म्हणून पाय टेकतात आपले. ओढबीड काई नाई."

मी म्हणतो, राजा,
माझा इथं जुळवलेला काटा
दिल्लीला नेला की किलोमागे अर्धा ग्रॅम जास्त दाखवते.
तिथला सराफ फोनवर शिव्या घालते मले.
तुझं एकच ताट
दिल्लीत जोरात आन् इतवारीत हळू चढते काय?
मधातून तडकणार नाई?

तो नखानं ताट वाजवून बघतो.

बरं, ताटालेच ओढ आहे म्हण.
मंग ती मधाकडं खेचेल.
गवंड्याचा ओळंबा कलेल उत्तरेला,
महालातली प्रत्येक भिंत कोराडीकडं वाकून उभी राहील,
फुटाळ्याचं पाणी चढून बसेल एका काठावर.

"थांब," तो म्हणतो. "चांदण्यांचं सांग."

वर सप्तर्षी.
दक्षिणेला, शेजारच्या टाक्यांच्या जरासा वर,
धुळीतून जेमतेम, त्रिशंकू.
ध्रुवाभोवतीचं सगळं घड्याळाच्या उलट फिरतं,
आणि हा घड्याळासारखा,
जमिनीखालच्या कुठल्याशा न दिसणाऱ्या खिळ्याभोवती.
एका छताले दोन खिळे कसे, शेषराव?
आन् केपटाऊनचा, चिलीचा, पर्थचा माणूस
तुझ्या ताटाच्या कडेवर एकमेकाले पाठ करून उभे,
तरी तिघांच्याबी समोर हाच

पर्थ म्हणालो आणि जीभ चावली.

निकेशला जाऊन चौदा महिने झाले.
ताट तेव्हापासूनचं आहे.

"गोल म्हटलं की पोरगं पायाखाली येते ना बे,"
तो खूप वेळानं म्हणतो. "उलटं.
सपाट असली, तर नुसतं लांब आहे."

कुलरच्या टाकीतून पाणी वाहून चाललेलं,
नळ बंद करायचं सुचत नाही कुणालाच.

उलटा नाई रे तो.
तू ओळंबा सोड इथून, त्यानं सोडावा तिथून,
दोन्ही दोऱ्या एकाच ठिकाणी पाहतात.
ध्रुव दिसत नाई त्याले, कधीच नाई दिसणार,
पण हा त्रिशंकू आत्ता
त्याच्या बऱ्याच वर असेल.

शेषराव टाक्यांच्या वर बघत राहतो.
मग ताट सुलटं करतो,
पंचानं पुसतो, उगाचच दोनदा.

"तिथं किलोमागे किती?"

पाऊण ग्रॅमाच्या वर. 
किती किलोचा होता निकेश?

"अडुसष्ट."

मी बोटांवर मोजतो.
मंग इथल्या काट्यावर तिथं
पाच तोळे जास्त भरेल.

"पाच तोळे," तो म्हणतो.
"म्हणजे अंग धरलं त्यानं."