गव्हर्नर

मे महिना, नीलमनगर, रात्रीचे पावणेदोन.
लाईट गेलीय. इन्व्हर्टरवर तीन काड्या उरल्यात,
आणि टॉवेलच्या किनारीची फाईल
सकाळी नऊला कारखान्यात द्यायचीय,
मोरांसकट.

डबा सेकंडहँड. त्याला विंडोज पेलवेना
म्हणून लिनक्स टाकलं.
पंखा तर असा सुटलाय
जसा यालाच पीसवर पगार आहे.
आणि करतोय काय? काही नाही.
मी चहा गाळत होते,
हा रिकामा बसून चारी कोअर
तीन पूर्णांक चार गिगाहर्ट्झवर.

टर्मिनल उघडून विचारलं,
वेग कोण ठरवतंय?
उत्तर आलं: गव्हर्नर, परफॉर्मन्स.

मोठ्यानं वाचलं असणार मी,
कारण खाटेवरून राजमल्लूमामा उठून बसले.
"गव्हर्नर? बिघडला काय गं?"

मामांनी बावीस वर्षं
पिठाच्या गिरणीचं ऑइल इंजिन सांभाळलं.
मग मोटार आली. मोटारीला गव्हर्नर नव्हता.
मामाही नव्हते.

"दोन गोळे असतेत बघ, पेरूएवढे.
इंजिन पळाया लागलं की फाकतेत,
फाकले की डिझेल आवळतंय.
वरनं ज्वारी पडली की खाली येतेत,
म्हणतेत, पी बाबा.
घास केवढा हाय ते त्यांना कळतंय."

मी पॉवरसेव्ह लिहिलं. आठशे मेगाहर्ट्झ.
पंखा उतरत उतरत गप्प झाला,
शेजारच्या गच्चीवरची कुजबुज ऐकू यायला लागली.
पण मोर एकेक पीस घेऊन येईना का!
एका पिसाला माझ्या दोन जांभया.

"गोळे बांधून ठेवलीस तू," मामा म्हणाले,
"आता उपाशी मरतंय ते. सैल सोड की."

तिसरा शब्द: ऑनडिमांड.
पिसात निळा ओतला, आकडा उसळला चौतीसशेवर.
हात थांबला, आठशे.
पुन्हा निळा, पुन्हा वर.
मामा चष्मा न लावता आकडे बघत होते,
ओठ हलत होते त्यांचे,
बहुतेक फेरे मोजत होते.

"उद्या चालू केल्यावर ध्यानात राहतंय का याच्या?"
नाही, म्हटलं. बंद केला की विसरतो.
रोज सांगायचं, नाहीतर
सुरू होतानाच्या फाईलीत लिहून ठेवायचं.

"लिहून ठेव," म्हणाले,
आणि कूस वळवली.
"आमचं इंजिन विसरत नव्हतं."

दोन काड्या.
मोराचा डोळा अजून राहिलाय.