मु.

शाळा नंबर एकच्या जनरल रजिस्टरात,
सन त्रेपन्न, अनुक्रमांक दोनशे अकरा,
आजोबांचं नाव आहे, दस्तगीर बाळा.
पुढं जातीच्या रकान्यात
कुणा मास्तरांनी टाक बुडवून लिहिलंय
मु.
एवढंच. टिंबासकट.

तरन्नुम म्हणते, मु. म्हणजे मुलाणी.
प्रांत ऑफिसातले भाऊसाहेब म्हणतात, मु. म्हणजे मुसलमान;
मुसलमान हा धर्म झाला, जात नव्हे, दाखला बसत नाही.
फायलीची नाडी आवळताना
हेही म्हणाले की पोरगी हुशार दिसते.

सावळजच्या जत्रेत पहिली सुरी आमची.
तातोबा कोळेकर काठी टेकत तासगावपर्यंत आले,
म्हणाले, साहेब, ह्यांच्या आज्याबिगर
आमच्या म्हसोबाचं बकरं कधी पडलंय का?
भाऊसाहेब हसले. चहा सांगितला.
तोंडी पुरावा धरत नाहीत.

दिल्लीच्या त्या विद्यापीठात
संख्याशास्त्राला जागा बत्तीस.
तरन्नुमनं वहीच्या मागच्या पानावर मांडलंय:
दाखला असला तर सराव-परीक्षेतले मार्क पुरतात,
नसला तर अजून अकरा हवेत.
तेव्हापासून पॅकहाउसवर पेट्या चढवताना
मी अकराव्या पेटीला चुकतो.
माणूस ओरडतो, मुलाणी, लक्ष कुठंय?
बघा, त्याला बरोबर कळतं मी कोण ते.

माझ्या वेळी मी वाद घातला नाही.
हेच टेबल, हीच नाडी, भाऊसाहेब तेवढे दुसरे.
स्टँडसमोर एक ग्लास रस प्यायलो
आणि पुढच्या सोमवारी लायसन काढलं.

चान्स किती गं, मी विचारलं.
ती म्हणाली, पिशवीत तांबडे चेंडू, पांढरे चेंडू,
हात घालायचा, न बघता.
पुस्तकात एवढंच असतं.
पिशवी कुणी भरली
हे कुठल्याच गणितात विचारत नाहीत, भाई.

अम्मीला मार्कांचं काही नाही.
ती भाकरी थापता थापता विचारते,
दिल्लीत खोली देतील का आपल्या नावाला?
त्यावर तरन्नुमकडंही
मागचं पान नाही.

तीन दिवस ती रजिस्टरं चाळत बसली.
हेडमास्तर बरे, पंखा लावून दिला.
मग कळलं की त्या मास्तरांनी
सगळं गावच एकेका अक्षरात बसवलेलं:
म., ध., लिं., न्हा.
त्यांची अक्षरं पुढं कुणी ना कुणी सोडवून घेतली.
आमचं टिंबापाशी बसून राहिलं.

चौथ्या दिवशी ती मुलींच्या शाळेत गेली.
तिथं रजिस्टर नव्हतं, कपाटाखाली एक गठ्ठा होता,
वाळवीनं कडा खाल्लेला.
संध्याकाळी टेम्पोत शेजारी बसली,
बराच वेळ बोलली नाही.
मग मोबाईलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला:

हुरमत बाळा. जात मुलाणी.
अख्खा शब्द, काना, वेलांटी, सगळं जागच्या जागी.
दाखल जून पंचावन्न. हजर दिवस एकोणतीस.
शाळा सोडल्याचं कारण: घरकाम.

आजोबांची बहीण.
आम्हाला ठाऊक होतं ते इतकंच,
की ती सोळाव्या वर्षी बाळंतपणात गेली.
शाळेत जायची हे कुणीच बोललं नव्हतं.
अब्बांनी फोटो लांब धरला, जवळ धरला,
म्हणाले, हिला लिहिता येत होतं?

एकोणतीस दिवसांत येतं का लिहायला, ठाऊक नाही.

भाऊसाहेबांनी नक्कल ठेवून घेतली.
आत्या लागते का, म्हणाले. अब्बांची, ती म्हणाली.
बघू, म्हणाले.
परीक्षा रविवारी आहे, मिरजेत, सकाळी नऊला.
मी टेम्पो धुऊन ठेवलाय.
तरन्नुम मागच्या पानावर काहीतरी खोडतेय.
अकरा खोडतेय की अजून काही,
मी वाकून बघितलं नाही.