जागा जळत नाही

हप्ता तीन हजार एकशे साठ.
मी म्हटलं, हुक्केरी, कमी करा की ओ जरा,
घर काय पळून चाललंय?

वडगावातल्या निम्म्या घरांचा विमा त्याच्याकडं.
गाडीवरून उतरला तरी हेल्मेट लवकर काढत नाही,
म्हणून त्याचं पहिलं वाक्य नेहमी आतच राहतं.
दुसरं ऐकू आलं:
शालनताई, तुम्ही जागेची किंमत पण धरलीय.
तेवढी काढा. जागा जळत नाही.

समोरच्या भिंतीवर, चुन्याच्या तीन थरांखाली,
कुठल्याशा मोर्चाची तारीख अजून दिसते,
पावसाळ्यात जास्तच.
सासऱ्यांनी ह्याच जागेपायी हिंडलग्याच्या तुरुंगात
एक अख्खा उन्हाळा काढला.
परत आले तर घर जसंच्या तसं,
एक कौल हललेलं नाही.
इतकी वर्षं धुमसली ती जागाच, हुक्केरी,
असं मी मनात म्हटलं.
तोंडानं म्हटलं, बरं, काढा.

त्यानं रेघ मारली.

पुढच्या खोलीत माग आहे का?
माग असला तर ते घर नव्हे, कारखाना. दर वेगळा.
नाही, विकला.
कुठं गेला?
जळणाला. लाकूड सागवानी होतं, दोन महिने पाणी तापलं.
मग सूट आहे, तो म्हणाला, आणि टिकमार्क केला.
पाय सोडून बसायचा खड्डा तेवढा राहिलाय.
त्यात गव्हाचे डबे ठेवते,
आणि रात्री उठले तर अजून वळसा घालून जाते.

जुनी वायर बदलून घ्या.
गॅसची नळी तारीख बघून.
एक वर्षाचा नको, दहा वर्षांचा एकदम भरा, स्वस्त पडतो.
(दहा वर्षं! मी त्याच्याकडं बघितलं.
तो फॉर्मकडं बघत होता.)
आणि पहिले दहा हजार तुमचे तुम्ही सोसायचे
असं लिहून दिलंत तर आणखी उतरतो.

हे मात्र मला दोनदा विचारावं लागलं.
पहिलं मी सोसायचं, नंतरचं कंपनीनं?
हौदु, तो म्हणाला.
ह्यांच्या छातीत वीस वर्षं सूत साठत गेलं
तेव्हा पहिलं मीच सोसलं, नंतरचंही मीच.
लिहा, म्हटलं. सवय आहे.

किरकोळ दावे करायचे नाहीत, ताई.
काच फुटली, नळ गळला, गप्प बसायचं.
दावा म्हटल्यावर आम्ही दोघंही क्षणभर थांबलो.
इथं हा शब्द
कोर्टात जाऊन म्हातारा झालाय.

शेवटी बावीसशेवर आलं. नऊशे साठ वाचले.
सही मराठीत केली, त्यानं नाव कानडीत लिहून घेतलं,
आणि जाताना, हेल्मेट घालता घालता, म्हणाला
ते शेजारच्या घराबद्दल काहीतरी होतं.
काय?
हेल्मेट वर केलं:
त्यांच्या वायरी बघितल्यात का? भिंत एकच आहे.

नीलव्वाच्या घरात दोन यंत्रमाग,
आणि एका खिळ्यावर सात वायरींचा झुबका.
विम्याचं नाव काढलं की ती देवाकडं बोट दाखवते.
खटक फटक, खटक फटक,
माझी मिसळणाची डबी त्या तालावर
वर्षाला एक फळी सरकते.

आठशे साठचा स्विच, आपोआप पडणारा.
बसवायला दोनशे.
मी नऊशे साठ तिच्या पुढ्यात ठेवले.
याक बे, इदेल्ला? तिनं माग न थांबवता विचारलं.
माझं कानडी बाजारापुरतंच.
म्हटलं, ग्वाडी ओंदऽ ऐती.

तिनं माग थांबवला.
उरलेले शंभर शोधायला
डाळीच्या डब्यात हात घातला, मग साखरेच्या,
मग नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात,
आणि मिळाले तेव्हा
त्यातले दहा सुट्टे मागे घेतले,
दुधाचे म्हणून.