डावा पट्टा

नागोसे हवालदार रणगाडा किराण्याच्या पिशवीत आणतात,
वरून सांबाराची जुडी,
कोणी विचारू नये म्हणून.
अख्ख्या देवळीला माहीत आहे तरी.

माझं दुकान शिलाई मशीनचं.
उघडं पडलेलं मशीनचं डोकं सरकवून
त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर तो ठेवला,
तोंड माझ्याकडं.
मी नळी भिंतीकडं वळवली.

"कुंदा, डावीकडं वळला का पट्टा उतरते."
हेच वाक्य, थोड्या फरकानं, मी रोज ऐकते:
उलटी शिलाई मारली का धागा तुटते.
कधी बिघडतं ते सगळे सांगतात.
कुठं, ते मला शोधावं लागतं.

ढिला असंल म्हणून त्यांनी आधीच एक कडी काढली होती,
चष्म्याच्या घरात, फडक्यात गुंडाळून ठेवलेली.
आता पट्टा इतका ताठ की टिचकी मारली तर वाजावा,
आणि मोटर कण्हत होती.
"काका, खऱ्या गाडीचा पट्टा असाच ताणत होते का?"
ते गप्प.
"नाई. झोल लागते. चार बोटं.
साहेब हात घालून मोजे."
"मग?"
"हा लहान हाय नं. म्हटलं, याले झोल कायले?"

सोळा नंबरच्या सुईनं पिन ठोकून काढली.
पट्टा काउंटरवर उलगडला, मेलेल्या गोमेसारखा.
दातेचाक बोटानं हलवलं. हललं.
कण्यावरचा बारका स्क्रू सुटलेला,
चाक तिळाएवढं बाहेर आलेलं.
पुढचं चाक एका रेषेत, मागचं दुसऱ्या,
दोघांचं ऐकता ऐकता पट्टा उतरणारच.

पण चाक आपोआप बाहेर येत नाही, कोणीतरी ढकलतं.
चिमटा मागं घातला, आणि निघाला
कापूस.
ग्रीस पिऊन काळा, कण्याभोवती पीळ घेत घेत
सूत झालेला. ओढला तसा येतच राहिला.
या गावातल्या प्रत्येक यंत्राच्या पोटात हेच सापडतं.

"कुठं चालवता?"
"जिनिंगच्या मागं, सांजच्याला. जागा सपाट हाय."
मग, बऱ्याच वेळानं:
"तिकडं वाळू होती. वाळू दिसे तरी.
हे उडते, अन् दिसतच नाई."

बॉबिनच्या डब्यातली एक जुनी वायसर चाकामागं बसली,
जणू तिथंच जायची वाट पाहत होती.
स्क्रू पुन्हा सुटू नये म्हणून नेलपॉलिशचा थेंब.
लाल.
हवालदारांनी डोळे मिटून घेतले.

काढलेली कडी परत घालायची होती.
"दे, मी लावतो."
पिन तीनदा पडली त्यांच्या हातून.
चौथ्यांदा चिंध्यांत गेली.
मी लोहचुंबक फिरवलं: सात सुया, एक हूक, अन् ती.
या वेळी ते नुसतेच म्हणाले,
"डोकं आतल्या अंगाले ठेव.
सटकली तं पत्रा ढकलते तिले जागेवर."
मी आतल्या अंगाला ठेवली.
त्यांनी झोल मोजला,
करंगळीच्या नखानं.

दुकानापुढच्या मातीत त्यांनी डावीकडं फेर घेतला.
एक. दोन.
भेंडीवाल्याचं कुत्रं उठून दूर जाऊन बसलं.
तिसरा फेर पऱ्हाटीच्या काडीवरून, आणि पट्टा
जागेवर.
त्यांच्या चेहऱ्याकडं मी मुद्दाम पाहिलं नाही.

पैशाचं विचारलं तेव्हा मी सांबाराची जुडी ठेवून घेतली.

मग त्यांनी उजवीकडं वळवला.

आम्ही दोघंही काही बोललो नाही थोडा वेळ.
रणगाडा एका पायावर गोल गोल फिरत होता,
उजवा पट्टा मागं धुळीत पडलेला.
"सांबारात एकच बाजू बसते, काका."
"उद्या वांगे आणतो," ते म्हणाले,
आणि मी चिमटा आणायला आत गेले.