रिकीब

टेबलावर निजवताना त्याच्या बुटांतून
अजून गवत गळत होतं.
ओरगिल, वय नऊ, वजन सव्वीस किलो,
बाराव्या किलोमीटरला पडला.
घोडा थांबला नाही,
मोकळ्या पाठीने पाचवा आला.
आमच्याकडे मान घोड्याचा, स्वाराचा नाही,
म्हणून आजोबा दमदिन यांच्या बाहीला अजून
घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा वास.

अर्वाइखेरमध्ये सीटी मशीन एकच.
मैदानातल्या कर्ण्यांनी वीज ओढली की
दिवे मिचकावतात.
दोनदा मिचकावले,
मग त्याचं डोकं पडद्यावर उतरू लागलं
चकतीचकतीने, वरून खाली.

हाड पांढरं. हवा काळी.
मधलं सगळं राखाडी,
ताजं रक्त असेल तर जरा उजळ.
मेंदूभोवती रक्त नाही. पुन्हा पाहिलं.
नाही.

दमदिन माझ्या खांद्यावरून बोट दाखवतात,
डोक्याच्या मागच्या बाजूला:
"ही बघा. कवटी फुटलीय."
भेग नाही ती, शिवण आहे.
भेगेला घाई असते, वाटेत येईल ते कापत जाते.
शिवण दातात दात अडकवत
रमतगमत चालते,
दोन हाडांचं ठरलेलं लग्न, अजून लागायचंय.
त्यातच एक जास्तीचं हाड, नखाएवढं,
कुणी ठिगळ लावावं तसं.

म्हातारा डोळे बारीक करतो.
"माझ्या वडलांची उभी लिपी अशीच होती,
असेच दात तिला. काय लिहिलंय?"
मी ती लिपी परीक्षेपुरती शिकले,
त्यालाही आता वीस वर्षं झाली.
"वय," मी म्हणते. "वय लिहिलंय. नऊ."

आणखी खाली. डोळ्यांच्या खोबणींमागे
वटवाघळासारखे पंख पसरलेलं हाड,
आणि त्याच्या पाठीवर, खरंच, एक खोगीर.
पुस्तकात त्याला तुर्की खोगीर म्हणतात.
दमदिन हिवाळाभर खोगिरं घडवतात.
ते पडद्याजवळ नाक नेतात.
"पुढचा उंचवटा ठेंगणा ठेवलाय. कुणाचं काम हे?"
त्या खोगिरावर वाटाण्याएवढी ग्रंथी बसलीय,
तीच ओरगिलला उंच करणार, जड करणार.
दोन वर्षांनी कुणी त्याला शर्यतीत घेणार नाही.
हे मी बोलत नाही.

मग कान. उजव्या कानामागचं हाड
पोळ्यासारखं, कोठडीकोठडीत काळी हवा.
डावीकडचं पोळं राखाडी, भरलेलं.
आणि त्यातून एक रेघ.
सरळ. बिनदाताची.

हातोडी जागेवर.
ऐरण जराशी कललेली.
रिकीब,
तांदळाच्या दाण्याहून लहान,
अंगातलं सगळ्यात धाकटं हाड,
ऐरणीपासून सुटलेली.
मध्ये केसभर काळोख.

"डावा पाय निसटला,"
ओरगिल मशीनमधूनच सांगतो,
कुणी विचारलेलं नसताना. "रिकिबीतून."

मी अहवाल टाइप करते. उलानबातरला पाठवावे.
तिथे रिकीब जोडतात,
कधी कधी ऐकूही येतं पुन्हा.

बाहेर बाकावर आजी त्सेवेलमा
लाल दोरा काढून बसलेली.
कपाळापासून मागपर्यंत त्याचं डोकं मोजते,
दोरा दुमडते, दोन्ही कानांशी लावून बघते,
बोटाने कुठेतरी थबकते.
"डावीकडे सरकलंय," म्हणते.
मी वाद घालत नाही.
माझ्या हातातला कागद चार पानांचा आहे
आणि तोही तेच सांगतो.

फाटकाच्या डाव्या खांबाला घोडा बांधलेला,
पुठ्ठ्यावर दुधाचे ओघळ वाळलेले.
तो खिंकाळतो.

ओरगिलचा चेहरा उजळतो,
आणि तो उजवीकडे वळून बघतो.