प्रात्यक्षिक, वीस गुण

नववीला आमच्या शाळेत नाट्य हा विषय आला
तेव्हा तो कुणी मागितला नव्हता.
चित्रकलेच्या बाई बदलून काटोलला गेल्या
आणि तासिका रिकामी राहिली, एवढंच.
लिल्हारे सर खरं तर भूगोलाचे.
दिवाळीनंतर रजा टाकून
झाडीपट्टीत रात्ररात्र नाटकं करायचे
आणि सोमवारी वर्गात यायचे
कानामागचा रंग तसाच घेऊन.

हॉलमध्ये मोडके बाक रचलेले,
म्हणून तास सायकल स्टँडमध्ये, टिनाखाली.
सर म्हणायचे, या सायकली म्हणजे प्रेक्षक,
बघा, माना वळवून बसलेत.
धाबर्डे नेहमी पंक्चर सायकलीकडं बघून बोलायचा.
म्हणे, ही तरी मधातून उठून जानार नाही.

टिनाच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं एक वाक्य
वर्षभर पुसलं नाही कुणी:
विराम म्हणजे विसरणं नव्हे.
आम्ही विसरायचो, आणि म्हणायचो, सर, विराम आहे.

मार्चअखेर परीक्षक आले अमरावतीहून,
डोक्याला ओला दुपट्टा, हातात गुणांचा तक्ता.
घरातलं एक काम करून दाखवा.
वस्तू नाही, शब्द नाही. तीन मिनिटं.

उमाठेनं पोळ्या केल्या, एक करपवली सुद्धा.
परवीननं सुई ओवली, दातानं दोरा तोडला,
तो तुटल्याचा आवाज आला आम्हाला, देवाशप्पथ.
धाबर्डेनं कूलरमध्ये पाणी भरलं
आणि शॉक लागून असा उडाला
की परीक्षकांचा दुपट्टा सुटला हसता हसता.

मग कोहाड.
म्हणजे मी.

मी जमिनीवर बसले.
पाय खाली सोडले, जिथं खाली काही नव्हतं.
उजवी टाच दाबली, मग डावी.
मांडीजवळून काहीतरी उचललं, या हातातून त्या हातात दिलं,
छातीशी ओढलं. पुन्हा टाच.
तीन मिनिटं खूप असतात.
सायकलींच्या माना आणखी वळल्या.

बाळ, हे काय आहे?
मी म्हटलं, बाबा जेवायची वाट पाहतात.

ते खरंच होतं.
गोळीबार चौकातल्या आमच्या घरी माग होता म्हणे,
मी पाळण्यात असताना विकला.
खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरला, वर फरशी बसवली.
बाबा आता इतवारीत दुसऱ्यांच्या साड्यांच्या घड्या घालतात.
पण ताट यायला उशीर झाला
की फरशीवर त्यांची टाच चालू होते,
आणि आई आतून म्हणते, थांबवा जी ते.

परीक्षकांनी लिहिलं: वस्तू स्पष्ट होत नाही. बारा.
लिल्हारे सर काही बोलले नाहीत.
एका सायकलीची घंटी रुमालानं पुसत राहिले.
तेवढा लांब विराम त्यांनीही कधी शिकवला नव्हता.

रात्री बाबांनी विचारलं, किती भेटले?
बारा.
काऊन? काय केलं होतं तूनं?

सांगता येईना, म्हणून त्या फरशीवर बसून दाखवलं.
बाबा बघत राहिले. माझ्याकडं नाही, माझ्या पायांकडं.
मला वाटलं, आता उठून जातील.

पाय चुकून राह्यला तुहा, ते म्हणाले.
डावा पह्यले.
आणि धोटा असा फेकत नसते, सोडते.
चष्मा काढून ठेवला, माझ्यामागं बसले,
माझे दोन्ही मनगट धरले.
साडीच्या घड्यांनी गुळगुळीत झालेले त्यांचे हात
अचानक खरखरीत लागले.

पुढल्या वर्षी विषय बंद झाला,
स्टँडमध्ये भिंत घालून संगणक ठेवले,
ते वाक्य कुठल्या थराखाली गेलं ठाऊक नाही.

त्या रात्री किती वार झालं, तेही नाही.
आईनं एकदा डोकावून पाहिलं,
आणि ताटं झाकून ठेवली.